रेल्वेचे प्रश्न गेटावर विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणपतीच्या दिवसांत आपल्या पेपरात स्पर्धांच्या बातम्या पानभर असतात. कोण पहिला आला, बक्षीस कुणाच्या हस्ते दिलं, सगळं येतं. प्रश्न काय विचारले होते हे मात्र कधी छापून येत नाही, आणि माझं गाऱ्हाणं नेमकं प्रश्नांबद्दल आहे. आमच्या बाजूच्या एका मंडळाने गेल्या वर्षी रेल्वेवर प्रश्नमंजुषा ठेवली होती. मंडळाचं नाव घालत नाही. पोरं गुणी आहेत, देखावा सुरेख करतात, शिवाय सगळ्यांचे झब्बे माझ्याकडेच शिवायला असतात.

मी शिंपी. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ माझं दुकान आहे. वडील रेल्वेत गँगमन, म्हणजे रूळ सांभाळणारे, होते, खानापूर-गुंजीच्या बाजूला, मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवर. आजोबाही रुळावरच. म्हणून घरात रेल्वेचं कौतुक असेल असं कुणाला वाटेल, पण तसं काही नव्हतं. वडिलांच्या लेखी रेल्वे म्हणजे पावसाळ्यातली रात्रीची गस्त आणि म्हातारपणी गुडघे. मला नाद लागला तो दुकानामुळे. गेट पडलं की माणसं थांबतात, थांबली की कंटाळतात, आणि कंटाळलेल्या माणसाला प्रश्न घातला की तो मोबाइल खिशात ठेवतो. हा माझा खेळ बरीच वर्षं चालू आहे.

तर मंडळाची प्रश्नमंजुषा. रेल्वे म्हटल्यावर मांडव गच्च भरला. भजनी मंडळाच्या बायका पुढच्या रांगेत, कॉलेजची पोरं मागे उभी, रिक्षावाले कडेला. पहिलाच प्रश्न आला, ‘भारतातली पहिली रेल्वे कधी धावली?’ आठवी-नववीतला एक मुलगा उठून म्हणाला, “माणसांची की मालाची?” सूत्रसंचालक म्हणाले, “उलट प्रश्न नको, साल सांग.” मुलगा बसला. पुढच्या गटाने 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, असं घडाघडा म्हटलं आणि टाळ्या घेतल्या.

वास्तविक त्या दिवशी मांडवात विचारला गेलेला सगळ्यात शहाणा प्रश्न त्या मुलाचा होता. बोरीबंदर-ठाणे ही पहिली प्रवासी गाडी. त्याआधी मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहायला 1837 मध्येच रूळ पडले होते, आणि रुडकीला गंगेच्या कालव्यासाठी सोलानी नदीवरचा जलसेतू बांधताना 1851 मध्ये माती ओढायला वाफेचं इंजिन होतं. मुलाला यातलं किती माहीत होतं कोण जाणे. पण ‘पहिली’ म्हणजे कसली पहिली, एवढं त्याच्या डोक्यात आलं होतं. अशा पोराला खाली बसवायचं?

पुढे विचारलं, ‘जगातला सर्वात लांब फलाट कुठे?’ एका आजोबांनी हुबळी म्हणून सांगितलं. त्यांची लेक तिकडे दिली आहे, येऊन-जाऊन असतात. सूत्रसंचालकांनी हातातल्या पुस्तकात बघून ‘चूक, गोरखपूर’ असं जाहीर केलं. अहो, पुस्तक जुनं. गोरखपूरचा फलाट 1366 मीटरचा, तो पूर्वी पहिला होता. हुबळीचा 1507 मीटरचा फलाट 12 मार्च 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला, गिनीजमध्ये त्याची नोंद झाली, आपल्याच पेपरात फोटो आला होता. बेळगावातून हुबळीला रोज माणसं जातात, त्या फलाटावर चालून पाय दुखले म्हणून कुरकुरतात, आणि इथे मांडवात त्यांना उत्तर प्रदेश दाखवला जातो! आजोबा भांडले नाहीत. उठून घरी गेले.

त्यानंतर 1853 च्या त्या गाडीला डबे किती (चौदा), प्रवासी किती (सुमारे चारशे), इंजिनांची नावं काय (साहिब, सिंध, सुलतान), असं एकामागून एक सुरू झालं. तिसऱ्या फेरीपर्यंत पुढची रांग महाप्रसादाच्या तयारीला निघून गेली होती. शेवटी उरले दोन गट, दोघेही क्लासची पोरं, दोघांच्याही हातात एकाच प्रकाशनाचं सामान्यज्ञान.

ही माहिती वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. साहिब, सिंध, सुलतान ही नावं मलाही आवडतात. पण ज्याने काल रात्री पाठ केलं त्यालाच हे येणार, आणि ज्याला आलं नाही त्याला विचार करून काही हाती लागणार नाही. डोकं खाजवून ‘सुलतान’ सुचत नाही. हौशी माणसाला असा प्रश्न घातला की तो एकदा गप्प बसतो, दुसऱ्यांदा गप्प बसतो, आणि तिसऱ्यांदा चप्पल शोधतो. त्याने आयुष्यभर रेल्वेने प्रवास केलेला असतो, खिडकीतून हजार गोष्टी बघितलेल्या असतात. त्या बघितलेल्यातलं काही विचारा की त्याला!

गेटावर मी सगळ्यात आधी शेवटच्या डब्याबद्दल विचारतो. गाडी समोरून जाते, शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी पिवळी फुली असते. ती कशाला? फुली सगळ्यांनी बघितलेली असते, त्यामुळे ‘मला माहीत नाही’ म्हणून कुणी सुटत नाही. मग तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं, मागून येणाऱ्या गाडीला दिसावं म्हणून. कुणी म्हणतं, इथून पुढे चढू नका म्हणून. देसूरकडून दुधाचे कॅन घेऊन येणारा एक गडी एकदा म्हणाला, “मामा, संध्याकाळी म्हशी गोठ्यात घेताना शेवटाला आमची शिंगमोडकी येते. ती आत आली की कवाड लावायचं, बाकीच्या मोजत बसत नाही. तसंच असणार.” अगदी तसंच आहे. गाडी मधेच तुटून काही डबे मागे राहिले तर पुढच्या स्टेशनावरच्या माणसाला कळणार कसं? शेवटची फुली दिसली, सोबतची ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेईकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी दिसली, रात्री लाल दिवा दिसला, म्हणजे गाडी अख्खी आली. मगच मागचा मार्ग मोकळा झाला असं धरतात. त्या गड्याने रेल्वेचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. मंडळाच्या स्पर्धेत तो पहिल्या फेरीतच बाद झाला असता.

दुसरा प्रश्न पाटीचा. गेटाच्या थोडं अलीकडे रुळाकाठी एक पिवळी पाटी असते, तिच्यावर ‘डब्ल्यू/एल’ आणि ‘सी/फा’ अशी अक्षरं. आरपीडी कॉलेजकडच्या दोन मुली स्कूटीवर थांबल्या होत्या, त्यातली एक पटकन म्हणाली, “वेटिंग लिस्ट!” सगळं गेट हसलं. तीही हसली, पण तिचं चुकलं काय? आपल्या लोकांना रेल्वेतली ही दोन अक्षरं तिकिटावरच तर भेटतात. दुसरीने खालचं देवनागरी वाचून काढलं, ‘सी’ म्हणजे सीटी असेल, मग ‘फा’ म्हणजे फाटक. बरोबर. पुढे फाटक आहे, सीटी वाजव, असं ती पाटी इंजिन ड्रायव्हरला सांगते. तेवढ्यात गाडीची सीटी वाजलीच. त्या दोघी आता गेट पडलेलं दिसलं की लांबूनच ओरडतात, “मामा, आज काय विचारूलालाय?”

असं उत्तर कळल्यावर माणूस पुढच्या गाडीकडे नीट बघतो. डब्याच्या अंगावर मोठा नंबर रंगवलेला असतो. त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे डबा तयार झाल्याचं साल. एवढं एकदा सांगितलं की पुढे मला काही बोलावं लागत नाही. पोरं आपणहून नंबर वाचायला लागतात, ‘हा माझ्यापेक्षा मोठा’, ‘हा माझ्या ताईच्या वयाचा’. कुणाच्या लक्षात येतं की निळे डबे जुने निघतात आणि लाल नवे. मग निळे का संपत चालले, हा प्रश्न पोरंच मला घालतात. चेन्नईजवळ पेरांबूरच्या कारखान्यात 1955 पासून जे डबे निघत होते त्यांचं उत्पादन 2018 च्या सुरुवातीला थांबवलं. लाल डबे मूळ जर्मन बनावटीचे, ‘एलएचबी’ म्हणतात त्यांना. हीच माहिती मांडवात ‘पेरांबूरचा कारखाना कोणत्या साली सुरू झाला?’ अशी विचारली असती तर कुणी जांभईसुद्धा दिली नसती.

इंजिनावरच्या अक्षरांचं तसंच. पहिलं अक्षर ‘डब्ल्यू’ असेल तर ब्रॉडगेज (रुंद रूळ), ‘वाय’ असेल तर मीटरगेज, ‘झेड’ नॅरोगेज (अरुंद रूळ). पुढे ‘डी’ म्हणजे डिझेल, ‘ए’ म्हणजे विजेवरचं. त्यापुढे ‘पी’ प्रवासी, ‘जी’ माल, ‘एम’ दोन्ही. मी अर्धंच सांगतो आणि विचारतो, आपल्या मार्गावर पूर्वी ‘वायपी’ आणि ‘वायजी’ इंजिनं होती, ती कसली? ‘वाय’चा अर्थ कळला की उत्तर आपोआप निघतं, मीटरगेजची वाफेची. साठीच्या पुढचा कुणी थांबलेला असेल तर त्याला तेवढ्यावर सगळं आठवतं. डोळ्यात जाणारे कोळशाचे कण, मिरजेला उतरून सामान डोक्यावर घेऊन गाडी बदलणं. आमचा मार्ग ब्रॉडगेज झाला तो नव्वदच्या दशकात. तोवर पुण्या-मुंबईला जायचं तर मिरजेला गाडी बदलायची, कारण मिरजेच्या पलीकडे 1971 च्या सुमाराला ब्रॉडगेज आलं होतं आणि अलीकडे आमची मीटर.

मिरजेवरून माझा आवडता प्रश्न. एकाच स्टेशनात तीन रुंदीचे रूळ होते, ते आपल्या जवळचं स्टेशन कुठलं? पुण्याकडचं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, आमचं मीटरगेज 1000, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 762. आषाढीला त्या छोट्या गाडीतून गेलेला एखादा वारकरी गेटावर असेल तर हे आकडे त्याला नको असतात. तो हातानेच दाखवतो, “एवढाल्ला डबा, आणि टपावर माणसं!” त्यालाही मी पूर्ण मार्क देतो.

यात आमच्या भागाचे म्हणून काही प्रश्न आहेत, आणि मंडळाने त्यातला एकही विचारला नाही याचं मला जास्त वाईट वाटलं. बेळगावहून धारवाडला मोटारीने जाताना आपण सरळ कित्तूरवरून जातो. रेल्वे मात्र आधी खानापूर, मग जंगलात शिरून लोंढा, तिथून वळून अळणावर, आणि मग धारवाड. एवढा वळसा का? गेटावर उत्तरं येतात, डोंगर असेल, इंग्रजांना शिकार करायची असेल, जमीन मिळाली नसेल. कागदावर काडीने समुद्र काढून दाखवला की कुणीतरी म्हणतं, “बंदर!” सदर्न मराठा रेल्वे कंपनी 1882 ची. तिला कापूस आणि धान्य समुद्रापर्यंत न्यायचं होतं, आणि जवळचं बंदर मार्मागोवा, पोर्तुगीजांचं. तिकडून कॅसलरॉकपर्यंत पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे आली, इकडून आमची गेली. लोंढ्याचं जंक्शन झालं ते त्यामुळे. कित्तूरवरून सरळ मार्ग करायचं चाललंय म्हणतात. होईल तेव्हा बघू.

कॅसलरॉकवर तर तासभर खेळता येईल. जंगलातल्या एवढ्याशा गावाला एवढं मोठं स्टेशन कशाला? दोन राज्यसत्तांची हद्द होती म्हणून. सामान उघडून बघायचे, जकात घ्यायचे. 1955 मध्ये ती वाट बंद झाली आणि डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावरच परत उघडली. आमच्या आईची मावशी पलीकडे दिलेली, तिची भेट त्या सहा वर्षांत झाली नाही, हे मी लहानपणी ऐकलंय. आणि गोव्याहून येताना घाटाच्या पायथ्याला, कुळ्याला, गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात ती का? हे दूधसागर बघायला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं, पण सगळे धबधब्याचे फोटो काढण्यात गुंतलेले असतात. घाटाचा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. मोटारीला हा चढ काहीच नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक मात्र घसरतं. म्हणून मागून ढकलायला इंजिनं.

सीमाभागातल्या माणसाला एक प्रश्न हमखास आवडतो. मिरजेकडे जाताना राज्य बदललं हे खिडकीतून कसं ओळखाल? कुडचीजवळ कृष्णा ओलांडली की, असं बरेच जण सांगतात, पण नदीच्या दोन्ही काठांना कर्नाटकच आहे. स्टेशनच्या पाटीकडे बघायचं. कानडी अक्षरं गेली की महाराष्ट्र. शेडबाळला आहेत, मिरजेला नाहीत. हा प्रश्न आमच्याकडे जरा माणसं बघून विचारावा लागतो. त्यापेक्षा नवापूरचं विचारलेलं बरं, ज्या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. ते ऐकून आमच्या गेटावरचा कानडी रिक्षावाला आणि मराठी भाजीवाली दोघंही एकदमच हसतात. का ते तुम्ही बेळगावचे संपादक आहात, तुम्हाला सांगायला नको.

पाटीवरून आठवलं. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं नाव सरकारी कागदावर ‘बेळगावी’ झालं, स्टेशनावरची पाटी बदलली, पण रेल्वेच्या लेखी अजून एक गोष्ट तशीच आहे, ती कुठली? स्टेशनचा कोड. तिकिटावर ‘बीजीएम’च येतं. हुबळीचाही ‘यूबीएल’ तसाच. रोज तिकीट काढणाऱ्याला हे पटकन येतं, आणि रेल्वेचं वेड असल्याचं सांगणारे खूपदा अडकतात.

वेडे म्हटल्यावर त्यांच्याबद्दलही लिहायला पाहिजे. पट्टीचे रेल्वेप्रेमी आहेत, मोठाले कॅमेरे घेऊन लोंढ्याला जातात, इंजिनाचा नुसता आवाज ऐकून जात सांगतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण हौशी माणसांच्या खेळात ते आले की खेळ संपतो, कारण दुसऱ्याने तोंड उघडायच्या आत यांचं उत्तर आलेलं असतं. म्हणून गेटावर मी नियम केला आहे की पट्टीच्याने उत्तर द्यायचं नाही, प्रश्न घालायचा, तोही समोरच्याला तर्क करता येईल असा. हे त्यांना फार जड जातं. एकाने पाच अंकी गाडी नंबर कधीपासून सुरू झाले ते विचारलं (20 डिसेंबर 2010). मी म्हटलं, साहेब, हे परत मांडवातलंच झालं. मग त्याने डोकं लावलं आणि विचारलं, गाडीच्या नंबरातला पहिला आकडा शून्य असेल तर ती गाडी कसली? सणासुदीला तिकीट न मिळून स्पेशलने गेलेल्या एका बाईने लगेच सांगितलं, “जादाची गाडी असते ती, भाडंपण जादा!” तो मनुष्य खूश होऊन गेला. आता येताना कागदावर प्रश्न लिहून आणतो.

त्यानेच आणखी एक चांगला आणला होता. ‘पंचगंगा एक्सप्रेस कुठे जाते?’ आमच्याकडे निम्म्या लोकांचे पाहुणे कोल्हापूरचे, सगळे एका आवाजात कोल्हापूर म्हणाले. ती बेंगळुरूहून कारवारला जाते. एक पाहुणे तर खरंच रागावले, पंचगंगा आमची म्हणाले. असा वाद झाला की लोक घरी जाऊन चारजणांना सांगतात, आणि उत्तर कायमचं लक्षात राहतं.

तारखांशी माझं वैर नाही. फक्त तारीख उत्तरात नको, प्रश्नात घाला. ‘डेक्कन क्वीन कधी सुरू झाली?’ हे विचारून काय मिळतं? त्याऐवजी विचारा, दर 1 जूनला पुणे स्टेशनावर प्रवासी केक कापून कुठल्या गाडीचा वाढदिवस करतात? पेपर वाचणाऱ्या कुणालाही येईल, आणि 1930 हे साल तुम्ही मागाहून सांगा, ते राहील लक्षात. कोल्हापूरला रेल्वे आली 1891 मध्ये. साल विचारू नका, तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर कोण होतं ते विचारा. शाहू महाराजांचं नाव कुणीही घेईल.

थोडा अवघड प्रश्न हवाच असेल तर माझ्या वडिलांवरचा देतो. ते एकाच रुळावर, एकाच हातोड्याने आयुष्यभर काम करत होते, तरी दोन रेल्वेंचे नोकर झाले. कसे? आजोबांच्या वेळी इथे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे होती, 1908 मध्ये दोन कंपन्या एक होऊन झालेली. 1951 मध्ये तिची दक्षिण रेल्वे झाली, वडील तिच्यात लागले. 2 ऑक्टोबर 1966 ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि हुबळी विभाग तिच्यात गेला. वडिलांच्या हातातला हातोडा तोच, पगाराच्या कागदावरचं नाव वेगळं. ते असते तर 2003 मध्ये तिसरं नाव झालं असतं, नैर्ऋत्य रेल्वे.

गस्तीचा प्रश्न मात्र मी पोरांनाच घालतो. रात्री पावसात तुला रूळ तुटलेला दिसला, लांबून गाडी येते आहे, हातात कंदील आणि पिशवी. पिशवीत काय असायला पाहिजे? लाल दिवा दाखवशील, पण पावसात ड्रायव्हरला दिसला नाही तर? बहुतेक पोरं मोबाइल म्हणतात. उत्तर आहे फटाके. रुळावर बांधायचे खास फटाके, चाक वरून गेलं की दणदणीत आवाज होतो, आणि तो ऐकला की ड्रायव्हरने गाडी थांबवायचीच. वडिलांच्या पिशवीत ते असायचे, आणि दिवाळीला आम्ही मागितले की मार बसायचा.

संपादक महाशय, आता मागणं सांगतो. आपल्या रविवारच्या पानावर राशिभविष्याशेजारी दोन बोटं जागा द्या. आठवड्याला एकच प्रश्न, बघितलेल्या गोष्टीवरचा. उत्तर त्याच दिवशी खाली उलटं छापू नका, पुढच्या रविवारी द्या, म्हणजे आठवडाभर घरात, गेटावर, बसस्टँडवर तर्क चालतील. वाचकांनी पाठवलेले चुकीचे तर्कही छापा, ते उत्तरापेक्षा मजेचे असतात. गार्ड लिहिलं म्हणून कुणाला बाद करू नका. 2022 पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायचं ठरलंय, पण आमच्या गेटावर अजून कुणी तसं म्हणताना ऐकलं नाही. आणि ‘सर्वात लांब, सर्वात उंच, सर्वात वेगवान’ असा प्रश्न टाकायचाच असेल तर त्याच आठवड्यात उत्तर तपासून घ्या, हे विक्रम पुस्तक छापून येईपर्यंत बदलतात.

मंडळांनाही हेच सांगणं. सूत्रसंचालकाच्या हातून पुस्तक काढून घ्या आणि त्याला एक संध्याकाळ माझ्या दुकानात बसवा, चहा माझा. उलट प्रश्न विचारणाऱ्या मुलाला जादा मार्क ठेवा. यंदा प्रश्नमंजुषा असेल तर बक्षिसाच्या ढालीचा खर्च वाचवा. पहिल्या येणाऱ्याचा शर्ट मी फुकट शिवून देईन. कापड मात्र त्याने आणायचं, आणि गणपतीच्या आधीचा आठवडा सोडून यायचं.

आपला वाचक,
दुसऱ्या गेटाजवळचा एक शिंपी
टिळकवाडी, बेळगाव